मदत हवी आहे: आजोबांच्या कॅसेटी कोणत्या फॉरमॅटमध्ये साठवू?

नमस्कार मंडळी. आम्ही ग्वाल्हेरला, लश्कर भागात राहतो. आजोबांनी जमवलेल्या ख्यालगायकीच्या कॅसेटी, त्यात घरच्या बैठकींचं ध्वनिमुद्रणही आहे, आणि थोड्या सीडी संगणकावर घ्यायच्या आहेत.

सीडी फ्लॅक (FLAC) या फॉरमॅटमध्येच काढणार. आवाज जसाच्या तसा राहतो आणि जागा वेव्हच्या (WAV, म्हणजे न दाबलेली ध्वनिफाइल) साधारण निम्मी लागते. अडलंय ते कॅसेटींपाशी. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला वेव्ह केली तर मिनिटाला सुमारे ३५ एमबी, म्हणजे ९० मिनिटांच्या एका कॅसेटला ३ जीबीच्या वर! टेपच्या आवाजाला ४८ किलोहर्ट्झ पुरेल असं मला वाटतं, पण या टेपा पुन्हा वाजतील याचा भरवसा नाही, म्हणून एकदाच नीट करायचंय. तुम्ही काय केलंत? कॅसेट डेकच्या लाइन-आउटला (आवाज बाहेर देणाऱ्या जोडणीला) जोडायला टिकाऊ यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे तो आवाज संगणकात घेणारं उपकरण, कोणता घ्यावा?

फ्लॅकमध्ये राग, ताल, साथीदार असे आपले रकाने भरता येतात. रागावरून शोधू देणारा प्लेअर कुणी वापरता का?

साठवणीला नॅस (NAS, घरच्या नेटवर्कला जोडलेलं साठवणीचं उपकरण) घेण्यापेक्षा दोन हार्ड डिस्क, त्यातली एक ताईकडे इंदूरला, हे मला जास्त सुरक्षित वाटतं. आणि हो, डेकचा बेल्ट बदलून देणारा कारागीर ग्वाल्हेरात कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा.