तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरमध्ये राजासारखं राहा म्हणे! (एका पोस्टला उत्तर, जरा लांबलंय)

वैतागवाडीकर
परवा इथे 'पुण्यातल्या टू बीएचकेच्या भाड्यात एस्किशेहिरमध्ये राजासारखं राहा' अशी पोस्ट आली. पोरसुक नदीवरच्या होड्या, ओदुनपाझारीची रंगीत लाकडी घरं, ट्राम, चहाचे पेले. खाली लोकांची रांग, 'दादा, प्रोसेस सांगा ना'. मी गप्पच बसणार होतो. पण धाकट्या मेव्हण्याने तीच पोस्ट पाठवून वर लिहिलं, 'दाजी, तुम्ही उगाच परत आलात.' तिथे डोकं सटकलं.

मी त्या गावात मे २०२२ ते जुलै २०२३ असे चौदा महिने काढलेत. गाव गोड आहे. विद्यार्थ्यांची गजबज, फुटपाथ चालण्यासारखे, वेगवान गाडीने दीड तासात अंकारा. माझा वाद फक्त 'स्वस्त' या शब्दाशी आहे.

स्वस्त होतं, ते आधी तिथे असलेल्यांना. २०२१ च्या सुरुवातीला डॉलरला साडेसात लिरा पडत, २०२५ संपताना बेचाळीसच्या वर. हे वाचून लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. अहो, पण भावही चढले ना! ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारी आकड्यानेच महागाई ८५ टक्के होती. किमान वेतन बघा: २०२१ मध्ये २,८२६ लिरा, म्हणजे पावणेचारशे डॉलर. २०२५ मध्ये २२,१०४ लिरा, जानेवारीच्या भावाने सव्वासहाशे डॉलर. मजूर डॉलरात महाग झाला म्हणजे न्हावी, प्लंबर, खानावळ, सगळंच डॉलरात महाग झालं. रुपयात कमावणाऱ्याने तर नावच काढू नये.

घराचं ऐका. माझं भाडं ४,००० लिरा. तेव्हा सरकारने भाडेवाढीला २५ टक्क्यांची मर्यादा घातली होती (जुलै २०२४ मध्ये उठवली). मालकाला कायद्याने ५,०००च मागता येत होते आणि बाजारभाव १२,००० वर गेलेला. मग एके दिवशी तो बकलाव्याचा डबा घेऊन आला. म्हणाला, मुलाचं लग्न ठरलंय, त्याला घर हवंय. मुलगा सातवीत होता. मीच त्याला जिन्यात इंग्रजी शिकवायचो!

आणि शेवटी कागद. 'पर्यटन' कारण दाखवून मिळणारा इकामेत, म्हणजे राहण्याचा परवाना, पहिल्या वर्षी मिळाला, दुसऱ्या वर्षी मुदतवाढ नाही. २०२२ पासून हात आखडलाय. ज्या मोहल्ल्यात परदेशी लोक वीस टक्क्यांच्या वर गेले तो नव्या नोंदणीला बंद, असे हजारावर मोहल्ले देशभर बंद झाले. घर विकत घेऊन राहायचं तर ऑक्टोबर २०२३ पासून किमान दोन लाख डॉलरचं. राजासारखं!

भटक्या_डेल्फ्टचा
मूळ पोस्ट माझीच. नाव न घेता धुतल्याबद्दल आभार.

तुम्ही २०२३ मध्ये परत आलात आणि २०२६ च्या लोकांना शिकवताय. मी दीड वर्ष इथे आहे. काम माझं हॉलंडच्या कंपनीचं, घरून. डेल्फ्टमध्ये अर्धा पगार भाड्यात जायचा, इथे पाचवा हिस्सा जातो. मुलगी ट्राममधून एकटी शाळेत जाते. खानावळीत 'हेसाप' म्हणायचं, हिशेब येतो. साबणाला सबुन, दुकानाला द्युक्कान. भाषेला घाबरणाऱ्यांसाठी सांगतो. तुमचा मालक डांबिस निघाला म्हणून अख्खं गाव वाईट?

इकामेतचं म्हणाल तर एप्रिल २०२४ पासून डिजिटल नोमॅड योजना आहे, परदेशी कंपनीचं काम घरून करणाऱ्यांसाठी. २१ ते ५५ वय, महिना तीन हजार डॉलर उत्पन्न. माझं व्यवस्थित झालं.

वैतागवाडीकर
एकच प्रश्न. पासपोर्ट कुठला?

भटक्या_डेल्फ्टचा
त्याचा काय संबंध?

वैतागवाडीकर
संबंध असा की त्या योजनेच्या यादीत युरोप, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, रशिया, युक्रेन, बेलारूस आहेत. भारत नाही. आपल्याला तर साधा ई-व्हिसासुद्धा खिशात अमेरिकेचा, ब्रिटनचा, आयर्लंडचा नाहीतर शेंगेनचा व्हिसा किंवा राहण्याचा परवाना असेल तरच, तोही तीस दिवसांचा. तेव्हा परत विचारतो.

भटक्या_डेल्फ्टचा
डच आहे. २०१९ पासून. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

वैतागवाडीकर
मग पोस्टमध्ये का नाही? खाली ज्यांनी 'प्रोसेस सांगा' लिहिलंय ते बार्शी-सांगलीचे लोक आहेत हो.

खवट_आजोबा
मे २०२५ मध्ये भारत-पाक संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तिथली सफरचंदं घेणं बंद केलं, आणि तुम्ही तिथे घरभाडं भरायला निघालात. लाज वाटत नाही का?

सुमेधा_कायसेरी
आजोबा, नमस्कार. मी २०१४ पासून कायसेरीत आहे, नवरा इथलाच. मे २०२५ मध्ये शेजारीण मला विचारायला आली होती, 'तुझ्या आईच्या गावाला काही झालं नाही ना?' तेव्हा लाज कुणाला वाटायची ते आपण बघा.

मूळ विषय. वैतागवाडीकरांचं कागदांचं म्हणणं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. पण तुर्कस्तानातली, समुद्रापासून लांबची, 'आतली शहरं' एका मापाने मोजू नका. एस्किशेहिर म्हणजे विद्यार्थ्यांचं, मोकळंढाकळं. कोन्यात जेवणाबरोबर बिअर मिळेल असं हॉटेल शोधत फिराल. आमच्याकडे कायसेरीत समोर एर्जियेस पर्वत, ३,९१७ मीटर, हिवाळ्यात उणे पंधरा. भाडं कमी म्हणून नाचणाऱ्यांना जानेवारीचं गॅसचं बिल दाखवा. आणि इमारत कुठल्या सालची ते आधी विचारा. १९९९ च्या भूकंपानंतर नियम बदलले, जुन्या घरांचं भाडं कमी असतं ते उगाच नाही.

शाकाहाऱ्यांना एक धोक्याची सूचना. मसुराचं सूप, मेर्जिमेक, सगळीकडे मिळतं, पण पाणी बऱ्याचदा हाडांचं असतं. 'मांस नाही ना?' विचारलं तर 'नाही नाही' म्हणून चिकन आणतात. त्यांच्या लेखी कोंबडी मांसात येत नाही. एस्किशेहिरचा प्रसिद्ध चिबोरेक दिसायला आपली करंजी, आत खिमा. बाकी दही-आयरानवर माणूस जगतो. आयरान म्हणजे आपलं ताकच.

ताकपिठ्या
थांबा. बाकी चालू द्या, पण आयरान म्हणजे ताक नाही. दह्यात पाणी आणि मीठ घालून फेस काढला की ताक होत नाही. लोणी काढून उरतं ते ताक. आमच्या आजीने हे ऐकलं असतं तर रवी फेकून मारली असती.

सुमेधा_कायसेरी
आजीला सांगा, इथे यायिक आयरान मिळतं. यायिक म्हणजे घुसळायचं भांडं. सासूबाईंच्या गावी अजून दोरीला टांगलेलं आहे, दही घालून हेलकावे द्यायचे, लोणी वर येतं, खाली उरतं ते यायिक आयरान. वर लोण्याचे कण तरंगतात. आता बोला.

ताकपिठ्या
बरं, ते ताक. पण बाटलीतलं नाही. आणि आलं, जिरं, हिंग, कोथिंबीर नसेल तर ते पिऊन करायचं काय?

खवट_आजोबा
ताकाला हिंग लावणारे लोक मी पाहिलेले नाहीत. ते मठ्ठ्याला.

ताकपिठ्या
आजोबा, तुम्ही सफरचंदं बघा.

सुमेधा_कायसेरी
यायला चोर्बा सांगितला तर तुम्ही भांडालच. दही, तांदूळ, पीठ लावून उकळायचं, वरून लोण्यात सुका पुदिना परतून. पहिल्या बाळंतपणात आठवडाभर तेच प्यायले, डोळे मिटले की आईची कढी.

ताकपिठ्या
साखर नाही, कढीपत्ता नाही, मग कढी कसली! पुदिन्याची कढी म्हणजे... जाऊ दे. बाळंतपण म्हणालात म्हणून सोडतो.

वैतागवाडीकर
अरे, मी इथे दोन लाख डॉलरबद्दल बोलत होतो!

सुमेधा_कायसेरी
बोला की. मध्येच एक. 'सुझमे' नावाने टांगून पाणी काढलेलं दही किलोच्या डब्यात तयार मिळतं. अहो, चक्का! साखर, वेलदोडा, जरा केशर. पाडव्याला नवऱ्याच्या अख्ख्या खानदानाला श्रीखंड खाऊ घातलं. सासरे म्हणाले, दह्यात साखर हा गुन्हा आहे, आणि दुसरी वाटी घेतली.

ताकपिठ्या
चक्का तयार मिळतो? केवढ्याला?

वैतागवाडीकर
झालं. हेही निघाले.

भटक्या_डेल्फ्टचा
मूळ पोस्टमध्ये वर एक ओळ टाकली आहे: 'भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना हे लागू नाही.' झालं समाधान? पाचव्या हिश्श्याचं गणित मात्र खरं आहे, ते काढणार नाही.

वैतागवाडीकर
युरोत पगार आणि डच पासपोर्ट असणाऱ्याला जगात कुठेही स्वस्तच पडतं, त्यात एस्किशेहिरचं कौतुक काय? तरी ओळ टाकलीत, मोठेपणा आपला. मुलगी ट्रामने एकटी जाते हे मात्र मान्य, तसं सुख आमच्या सिंहगड रोडला नाही.

हा सगळा धागा मेव्हण्याला पाठवला. आत्ताच उत्तर आलं: 'दाजी, ते चक्क्याचं खरं आहे का?'