मदत हवी आहे: सीसीएनए झालं, पण बिघाड शोधता येत नाही

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपासून एका एनओसीत (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात) एल-१ ला, म्हणजे पहिल्या फळीत आहे. स्क्रीनवर लिंक लाल झाली की तिकीट उघडायचं, पिंग आणि ट्रेसरूटचे निकाल चिकटवायचे आणि एल-२ कडे पाठवायचं, एवढंच काम. २० महिन्यांपूर्वी सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा) पास झालो. /२६ च्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या तुकड्यात) ६२ होस्ट हे झोपेतही सांगेन. तरी परवाच्या मुलाखतीत पार अडकलो आणि ते डोक्यातून जात नाहीये.

प्रश्न होता: "एका पीसीला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आलाय, काय पाहाल?" मी लगेच म्हटलं, डीएचसीपी सर्व्हर (मशीनना पत्ते वाटणारा) बंद असेल; त्याच्याकडून काही मिळालं नाही की पीसी असा पत्ता स्वतःच घेतो. समोरचे म्हणाले, "त्याच व्हीलॅनमधल्या बाकी सगळ्या मशीनना पत्ता मिळतोय." (व्हीलॅन म्हणजे स्विचवर पाडलेला नेटवर्कचा वेगळा गट.) पुढे मला एक शब्द सुचला नाही. पत्ता मागण्या-देण्याच्या चार पॅकेटचा डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक हा क्रम येतो हो! पण त्यात नेमकं कुठे तुटलंय हे शोधायला मी कधी बसलोच नाही.

सर्टिफिकेट ३ वर्षांचं, म्हणजे १६ महिने उरलेत. एन्कोर (सीसीएनपी या पुढच्या पातळीची मुख्य परीक्षा) पास झालो तर ते आपोआप वाढतं आणि सीसीएनपीचा एक पेपरही होतो. मित्र म्हणतात, आता पायथनशिवाय काही खरं नाही. पाळ्या सांभाळून रोज दीड तास मिळतो. आधी काय धरू? कामावर स्विचचं फक्त रीड-ओन्ली लॉगिन आहे.

प्रतिसाद

रीड-ओन्ली लॉगिनला कमी लेखू नका. बिघाड शोधण्याचं बहुतेक काम 'शो' कमांडवरच, म्हणजे फक्त माहिती दाखवणाऱ्या आदेशांवरच होतं.

तुमचीच केस घ्या. बाकीच्यांना पत्ता मिळतोय, म्हणजे सर्व्हरवरचा संशय जवळपास गेला. उरला तो पीसी, ती केबल आणि स्विचचा तो एक पोर्ट. 'शो इंटरफेसेस स्टेटस' पाहिलं की पोर्ट कनेक्टेड आहे का आणि कोणत्या व्हीलॅनमध्ये आहे, हे एकाच ओळीत कळतं. तो भलत्याच व्हीलॅनमध्ये पडला असेल तर डिस्कव्हर तिथेच फिरत राहतो, कारण तो ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून मारलेली हाक) आहे आणि राउटर ब्रॉडकास्ट पुढे सोडत नाही. तिथे रिले (ती हाक सर्व्हरपर्यंत पोचवणारी सोय) लावलेला नसेल तर सर्व्हरला काही कळतच नाही. व्हीलॅन बरोबर असेल तर मॅक टेबलमध्ये (कोणत्या पोर्टवर कोणतं यंत्र आहे याची स्विचची यादी) पीसीचा मॅक, म्हणजे नेटवर्क कार्डाचा क्रमांक शोधा. दिसला, तर फ्रेम निदान स्विचपर्यंत पोचतेय. आणि एक गोष्ट मी अर्धा दिवस घालवून शिकलो: पोर्टफास्ट (पोर्ट लगेच चालू करणारी सेटिंग) नसेल तर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये पॅकेट गोल फिरत राहू न देणारी यंत्रणा) पोर्टला लिसनिंगमध्ये १५ आणि लर्निंगमध्ये १५ सेकंद अडवून ठेवते. तेवढ्यात पीसी वाट पाहणं सोडतो आणि १६९.२५४ घेऊन बसतो.

म्हणून माझं मत, पुढचे सहा महिने लॅब. पॅकेट ट्रेसर या सिम्युलेटरमध्ये दोन स्विच, एक राउटर, तीन व्हीलॅन, एक डीएचसीपी सर्व्हर. चालू झालं की मित्राला त्यात गुपचूप एक बिघाड करायला सांगा. कीबोर्डला हात लावण्याआधी तुमचा अंदाज कागदावर लिहा, ही सवय मोडू नका. पुढे जीएनएस३ (असाच लॅबचा प्रोग्राम) घ्या आणि लिंकवर वायरशार्क (पॅकेट उघडून दाखवणारा प्रोग्राम) लावून ते चार पॅकेट स्वतः पाहा. कामावरही एल-२ ने तिकीट बंद केलं की त्यांनी काय बदललं ते वाचा आणि आपल्या लॉगिनमधून ताडून बघा.

एन्कोर त्यानंतर, वेळ पुरतो. पायथन तेव्हा, जेव्हा एकच बदल दहा स्विचवर हाताने टाइप करून कंटाळा येईल. मग नेटमिको (स्विचना आदेश पाठवणारी पायथनची लायब्ररी) का वापरतात ते न सांगता कळेल.

धागाकर्ता

मनापासून आभार. काल लॅब उभी केली आणि पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये टाकून पाहिला. डिस्कव्हर जातो, ऑफर येतच नाही, हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

मित्राने आज ट्रंकच्या (दोन स्विचमधल्या, अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या लिंकच्या) एका टोकाच्या अलाउड यादीतून व्हीलॅन २० काढला होता. शोधायला पन्नास मिनिटं लागली, पण सापडला. आता एक शंका: दोन्ही पोर्ट शेवटपर्यंत कनेक्टेडच दाखवत होते. मग आमच्या एनओसीच्या स्क्रीनवर असा बिघाड लाल होणार कसा? तुमच्याकडे यासाठी कशावर नजर ठेवतात?