गूढ शब्दकोड्यात मात्रा सुटी धरायची का?

आयर्विनकाठ (सांगली)

विश्रामबागेत आमचा शब्दकोडी सोडवणाऱ्यांचा कट्टा भरतो. गेल्या रविवारी तिथं जोरदार वाद झाला तो एका माकडावरून. एकानं शोधसूत्र दिलं: ‘नवरा खवळला की माकड (३)’. कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा, ‘खवळला’ म्हणजे अक्षरं ढवळा. उत्तर वानर. न, व, र तीच आणि काना एकच. पण नवऱ्यात तो काना ‘र’ला आहे, वानरात ‘व’ला. निम्म्यांनी वाहवा केली, निम्मे म्हणाले हे चालायचं नाही, मात्रा (म्हणजे काना, वेलांटी अशी सगळीच स्वरचिन्हं) अक्षरापासून सुटी करता येत नाही. मी चालायचं नाही म्हणणाऱ्यांत. दिवाळीला आम्ही मराठी गूढकोड्यांची छोटी पुस्तिका काढतोय, म्हणून याचा निकाल आधी लागलेला बरा.

ज्यांनी गूढकोडं कधी हातात घेतलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. साध्या कोड्यात नुसता अर्थ दिलेला असतो. गूढकोड्यात शोधसूत्राच्या एका टोकाला अर्थ असतो आणि दुसऱ्या टोकाला तोच शब्द घडवायची कृती. वाक्य सरळ वाचल्यावर जे चित्र डोळ्यांपुढं येतं तो चकवा. ‘पहिला सूर, मग चांदणी: कंदी पेढ्यांचं गाव (३)’. पहिला सूर सा, चांदणी म्हणजे तारा, झालं सातारा.

आता मुद्दा. मराठी कोड्यात एका चौकटीत एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. मग उलटापालटही अख्ख्या अक्षरांचीच व्हायला हवी. ‘उलटसुलट विकता येणारी रचना (३)’ हे बघा. ‘उलटसुलट’ ही ढवळायची खूण, ‘विकता’ हा माल, ‘रचना’ हा अर्थ. वि-क-ता ची झाली क-वि-ता. वेलांटी ‘व’चीच राहिली, काना ‘त’चाच. सोडवणाऱ्याला उत्तर सापडल्यावर शंभर टक्के खात्री पटते. वानरात ती पटत नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

दादा, विकता-कविता सुरेखच. पण असे जोड किती निघतील? कपट-पटक-टपक निघेल, अजून थोडे निघतील, आणि मग तुम्ही कोरडे पडाल. मराठी शब्दांत काना-वेलांटी पावलोपावली आहे. ती जागेला खिळवून ठेवली तर अक्षरफेर, म्हणजे अक्षरं ढवळून नवा शब्द करायचा प्रकार, मराठीत जवळपास संपला. इंग्रजीत ए, ई, आय मोकळे फिरतात म्हणून तिथं एवढी मजा येते. आपण आपल्या स्वरांना बेड्या का घालायच्या?

नवरा खवळल्यावर वानर होतो हे वाचून हसू आलं की नाही? मग ते सूत्र जिंकलं.

आयर्विनकाठ (सांगली)

इंग्रजीत स्वर फिरतात, कारण तिथं प्रत्येक स्वराला स्वतःची चौकट मिळते. आपल्याकडं कान्याला वेगळी चौकट नाही. आडव्या ओळीत वानर भरताना उभ्या शब्दातून मला आधीच ‘वा’ मिळालाय असं समजा. मी नवरा या शब्दात ‘वा’ शोधणार. तो तिथं नाहीच. मग मी नवऱ्यावर फुली मारून पुढं जाणार. यात सोडवणाऱ्याची काय चूक?

सारिका (मिरज)

तुम्ही दोघंही अक्षरं ढवळण्यातच अडकलाय. मला तो सगळा प्रकारच मराठीत उपरा वाटतो. ही इंग्रजी लिपीची करामत आहे आणि ती आपल्या अंगावर बेतून घेताना बाह्या लांब झाल्यात. मराठीचं खरं बळ श्लेषात आहे. ‘आजीचं नेसणं घट्ट नसतं (३)’. उत्तर पातळ. दोन्हीकडून अर्थच, आणि एकही अक्षर इकडचं तिकडं केलेलं नाही. आमच्या घरी सासूबाईंनी पोळ्या लाटता लाटता सोडवलं हे.

आणि शब्दांचे खेळ आपल्याला कुणी शिकवायला नकोत. मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण लिहिलं, त्यात ओठांना ओठ लागणारं अक्षरच येऊ द्यायचं नाही. प, फ, ब, भ, म बाद. म्हणजे रामायण लिहायचं आणि ‘राम’ म्हणायचं नाही! मोरोपंत वारले १७९४ साली. पहिलं शब्दकोडं न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात आलं १९१३ला. नियम शोधायचेच तर घरात शोधा.

उभे आडवे (पुणे, मूळ सांगली)

सारिकाताई, मोरोपंतांचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय. त्यांनी स्वतःवर कडक नियम लादून घेतला म्हणून तर ती कमाल झाली. एखादा ‘म’ चालवून घेतला असता तर कुणी दोनशे वर्षं नाव काढलं असतं का?

पण आयर्विनदादांशीही माझं पटत नाही. इंग्रजांकडं तरी नियम आधी आले का? टॉर्केमाडा या टोपणनावानं लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या वर्तमानपत्रात गूढकोडी सुरू झाली १९२६ला, ‘टाइम्स’चं कोडं आलं १९३०ला. सूत्रात अर्थ आणि कृती एवढंच असावं, फालतू शब्द नको, हा शिरस्ता झिमेनीझ या टोपणनावाच्या कोडेकारानं पुस्तकात पक्का मांडला १९६६ला. म्हणजे चाळीस वर्षं लोकांनी मनसोक्त खेळून घेतलं आणि मग शिस्त बसली. त्यानंतरही ‘गार्डियन’मध्ये अरॉकेरिया या नावानं लिहिणारे जॉन ग्रॅहम सैल हातानंच सूत्रं रचत राहिले आणि लोकांनी त्यांच्यावर जीव टाकला. २०१३ला त्यांनी आपल्याला कॅन्सर झाल्याची बातमीसुद्धा कोड्यातूनच दिली. मराठी गूढकोडं अजून रांगतंय. त्याला आत्ताच वेसण नको.

खडू फळा (तासगाव)

मी आठवीला मराठी शिकवते. ऑफ तासाला मुलांना अशी सूत्रं घालते, म्हणून लिहितेय. आम्ही जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे चौकोन कापतो आणि प्रत्येकावर एक अक्षर लिहितो. ‘आणि पोटात घालून माशी झाली आईची बहीण (३)’ हे सूत्र दिलं तेव्हा मा आणि शी बाकावर होते. एका मुलीनं ‘आणि’ म्हणजे ‘व’ ओळखलं, नवा चौकोन घेऊन ‘व’ लिहिला आणि मधे सरकवला. मावशी! वर्गभर ओरडा. दुसऱ्या दिवशी ‘नका गदगदा हलवू, आत असतो तो लिहायला लागतो (३)’ दिलं. ‘नका गदगदा’मधून का-ग-द उचलायला त्यांना चौकोनसुद्धा लागले नाहीत.

नवरा-वानर काल करून बघितलं. चौकोन सहा प्रकारे मांडून झाले, वानर काही येईना. शेवटी मी ‘रा’वरचा काना खोडून ‘व’ला दिला, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, तुम्ही अक्षर बदललं.’ मुलांना हे कुणी शिकवलं नव्हतं. माझं मत दादांच्या बाजूनं.

अजिंक्यतारा (सातारा)

बाई, तुमचा वर्ग मला आवडला, पण ते पुठ्ठ्याच्या चौकोनांचं बंधन झालं. तीच मुलं मोबाइलवर ‘वा’ कसं उमटवतात? आधी व, मग काना. दोनदा बोट लागतं. युनिकोडमध्येही काना हे स्वतंत्र चिन्ह आहे. आपण पहिलीत काय घोकलं? व ला काना वा. म्हणजे काना वेगळा आहे हे पोरं आधी शिकतात, चौकोन नंतर.

दुसरं. दादांच्या कवितेच्या सूत्रात ‘येणारी’ हा शब्द काय करतोय? तो अर्थातही नाही आणि कृतीतही नाही. झिमेनीझचा शिरस्ता तिथं कुठं गेला?

आयर्विनकाठ (सांगली)

‘येणारी’ हा जोड आहे. विकता हा शब्द उलटसुलट केल्यावर येणारी ती कविता. कृतीपासून अर्थाकडं नेणारा जोडशब्द कडक नियमातही चालतो.

कान्याचं म्हणाल तर टाइप कसं करतो याला माझ्या लेखी किंमत नाही. कोडं चौकटीत भरायचं आहे आणि चौकटीत अक्षर येतं. सारिकाताईंचं मात्र मी अर्धं घेतलं. पातळसारखी सूत्रं पुस्तिकेत जास्त हवीत. उच्चारावरचीही हवीत, कारण ऱ्हस्व-दीर्घात आपल्याला तो खजिना फुकट मिळालाय. दिन-दीन, शिर-शीर. ‘मुलगा कानावर पडला, चरख्यावर निघाला (२)’. सुत ऐकू आला, भरायचं सूत.

सारिका (मिरज)

सुत आज कोण म्हणतं? बाकी सूत्र झकास. पण अर्धं नको, पुरतं घ्या. अक्षरफेर पानाला एकापेक्षा जास्त नसावा.

अजिंक्यतारा (सातारा)

माझं मत बदललेलं नाही. पण सोडवणाऱ्यानं नवऱ्यावर फुली मारून पुढं जावं असं मलाही वाटत नाही. पुस्तिकेत एक कोडं माझ्याकडं द्या. वर ठळक अक्षरांत छापा: ‘या कोड्यात मात्रा सुट्या आहेत’. त्यात वानरासकट सगळे अक्षरफेर माझ्या पद्धतीचे असतील. तासगावच्या वर्गालाही ते द्या, फक्त काने आणि वेलांट्या वेगळ्या पुठ्ठ्यावर कापून.