रुतलेला रणगाडा बाहेर काढताना क्रेन महत्त्वाची की विंच?

प्रश्नकर्ता: चाकणकर

अवजड यंत्रे हलवण्याचे माझे काम असल्यामुळे हायड्रापासून मोठ्या टेलिस्कोपिक क्रेनपर्यंत सर्व प्रकार रोजच्या वापरात असतात. अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय पाहून आल्यापासून एक शंका मनात आहे. टी-72 रणगाड्याचे वजन सुमारे 41 टन असते, तर अर्जुन मार्क-1ए 68 टनांपर्यंत जातो. आमच्याकडील दीडशे टनी क्रेन जवळ उभी केली, तर टी-72 उचलून ट्रेलरवर ठेवणे तिला जड जाणार नाही. असे असताना वीस-तीस टनच उचलू शकणारी क्रेन रणगाड्याच्या सांगाड्यावर बसवून, वर चिलखत चढवून, स्वतंत्र वाहन बांधण्याची लष्करांना काय गरज? आणि ज्याला रणगाडा उचलता येत नाही, ते वाहन रुतलेला रणगाडा बाहेर कसे काढते?

उत्तर: खडकीचा निवृत्त ईएमई

आपली शंका रास्त आहे, मात्र एआरव्हीवरील (आर्मर्ड रिकव्हरी व्हेईकल, म्हणजे आपण म्हणता ते रुतलेले रणगाडे काढणारे चिलखती वाहन) क्रेन पूर्ण रणगाडा उचलण्यासाठी दिलेलीच नसते. ती टरेट (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग), इंजिन, गिअरबॉक्स असे भाग जागच्या जागी काढण्या-बसवण्यासाठी असते. टी-72 चा टरेट साधारण 12 टनांचा असतो. जर्मन लेपर्ड-2 मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून सुमारे 6 टनांचा एकच संच असल्याने तो मैदानातच अर्ध्या तासाच्या आसपास बदलता येतो. टी-72 मध्ये तशी सोय नसल्याने त्याच कामाला कितीतरी अधिक वेळ लागतो.

रणगाडा ओढण्याचे खरे काम विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारे यंत्र, करते. अमेरिकन एम88ए2 या एआरव्हीची क्रेन सुमारे 32 टन उचलते, पण तिच्या मुख्य विंचची ओढ सुमारे 63 टन आहे. पुढच्या बाजूला बुलडोझरसारखे पाते असते. ते जमिनीत रोवले की वाहन स्वतःच जहाजाला असतो तसा नांगर बनते. नाहीतर विंच सुरू करताच रुतलेला रणगाडा जागेवर राहील आणि एआरव्हीच त्याच्याकडे घसरत जाईल.

आता आपल्या दीडशे टनी क्रेनविषयी. तिला पक्का रस्ता आणि आउटरिगरखाली (क्रेनच्या बाजूला पसरणाऱ्या पायांखाली) टणक जमीन लागते. रणगाडे मात्र जिथे जमीन दगा देते तिथेच रुततात. 1965 मध्ये असल उत्तरच्या लढाईत पाणी सोडलेल्या शेतांत पॅटन रणगाडे अडकले, तर 1971 मध्ये लोंगेवालाजवळ पाकिस्तानी रणगाडे वाळूत रुतले. अशा ठिकाणी, तेही गोळीबार सुरू असताना, पोहोचायचे तर साखळीपट्टे आणि चिलखत यांना पर्याय नाही.

पुणेकरांचा नेहमी होणारा एक गोंधळ जाता जाता दूर करतो. दापोडीचे सीएमई (कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग) हे कोअर ऑफ इंजिनिअर्सचे, म्हणजे पूल आणि सुरुंग हाताळणाऱ्यांचे. रिकव्हरीची, म्हणजे रुतलेली वा बंद पडलेली वाहने काढून आणण्याची, जबाबदारी ईएमईची (कोअर ऑफ इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स), आणि त्या दोन वेगळ्या शाखा आहेत.

उत्तर: भोसरीचा रिगर

वरील उत्तरात थोडे गणित जोडतो, कारण निर्णय तिथे होतो. रिकव्हरीच्या पुस्तकी नियमानुसार रणगाडा चाकांपर्यंत रुतला असेल तर त्याच्या वजनाइतका विरोध धरतात, फेंडरपर्यंत (पट्ट्यांवरच्या पत्र्यापर्यंत) रुतला असेल तर दुप्पट आणि टरेटपर्यंत गेला असेल तर तिप्पट. म्हणजे फेंडरपर्यंत रुतलेल्या टी-72 साठी 82 टनांची ओढ हवी. जर्मन ब्यूफेल या एआरव्हीच्या विंचची सरळ ओढ 35 टन आहे. स्नॅच ब्लॉक (बाजूने उघडणारी कप्पी) रुतलेल्या रणगाड्यावर अडकवून दोर परत आणला की ती कागदावर 70 टन होते, तिसऱ्या दोराने 105 टन होते. प्रत्येक कप्पीमागे सुमारे दहा टक्के घर्षणासाठी सोडावे लागतात आणि दोर जितके वाढतील तितक्या पटीने वेगही घटतो.

परत आणलेल्या दोराचे टोक कुठे बांधायचे, हे दोराच्या जाडीइतकेच महत्त्वाचे आहे. ते एआरव्हीलाच बांधले तर पात्यावर दोन्ही दोरांचा ताण येतो. शेजारी दुसरा रणगाडा उभा करून त्याला बांधले तर एआरव्हीच्या वाट्याला एकाच दोराचा ताण येतो. शिवाय रणगाडा ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने मागे ओढला आणि त्याचे इंजिन चालू असल्याने पट्टेही फिरवता आले, तर विरोध जवळपास निम्मा धरतात. म्हणजे ते 82 टन 41 वर येतात. आपल्या धंद्यातसुद्धा आधी मोठी क्रेन मागवण्याची घाई होते आणि डी-शॅकल (दोर जोडण्याची कडी) कुठे लागणार याचा विचार नंतर होतो.

दोर ताणलेला असताना, जितका दोर सोडला आहे निदान तितक्या अंतरापर्यंत कोणीही उघड्यावर उभे राहता कामा नये. तुटलेला वायर रोप उलटा येतो तेव्हा माणसाचे पाय कापून जातो.

प्रश्नकर्ता: चाकणकर

दोघांचेही आभार. नांगराचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. एक उपप्रश्न विचारतो. 2022 मध्ये युक्रेनचे शेतकरी ट्रॅक्टरने लष्करी वाहने ओढून नेताना सर्वांनी पाहिले. रणगाडा रुतलेला नसून नुसता बंद पडला असेल, तर एवढे पुरेसे नाही का?

उत्तर: खडकीचा निवृत्त ईएमई

सपाट, कोरड्या जमिनीवर पट्टे मोकळे फिरत असतील तर हलकी वाहने तशी नेता येतात. पण वजन वाढले की चित्र पालटते. दुसऱ्या महायुद्धात 57 टनांचा टायगर रणगाडा ओढायला जर्मनांना 18 टनी हाफ-ट्रॅक (पुढे चाके, मागे पट्टे असलेली ओढगाडी) एकामागे एक असे तीन जोडावे लागत, म्हणूनच पुढे पँथर रणगाड्याच्या सांगाड्यावर 40 टनी विंचचा बेर्गेपँथर हे रिकव्हरी वाहन बांधले गेले.

दुसरी अडचण उताराची आहे. बंद रणगाड्याचे ब्रेक भरवशाचे नसतात. दोन दोर एकमेकांना छेदून बांधले तर तो मागोमाग नीट येतो, परंतु उतारावर तोच पुढच्या वाहनावर येऊन आदळतो. त्यासाठी ताठ टो बार लावतात किंवा मागे दुसरे वाहन बांधून त्याला धरून ठेवतात. गिअरबॉक्स आतून जाम झाला असेल, तर आधी फायनल ड्राइव्हची (गिअरबॉक्सची शक्ती पट्ट्यांपर्यंत नेणाऱ्या भागाची) जोडणी सोडवावी लागते. ती न सोडवता फरफटत नेले तर दुरुस्तीचे काम आणखी वाढते.

आणि चालकाने वेळीच हालचाल केली तर एआरव्ही बोलवावीच लागत नाही. टी-72 च्या मागे आडवा बांधलेला लाकडी ओंडका आपण संग्रहालयात पाहिला असेल. तो पट्ट्यांना साखळीने बांधून गाडी हळूच पुढे घेतली की ओंडका पट्ट्यांखाली जातो, त्यावर पकड मिळते आणि रणगाडा स्वतःच्या बळावर बाहेर येतो. पोट जमिनीला टेकले असले तरीही ही युक्ती वापरतात.