प्रति: उकरलेलं डांबर कोल्ड मिक्समध्ये
जुन्या रस्त्याचा उकरलेला माल कोल्ड मिक्समध्ये, म्हणजे न तापवता केलेल्या मिश्रणात, वापरताना ‘जुन्या मालात डांबर असतंच, मग इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) निम्मं घाला’ असं आधीच्या एका उत्तरात आलंय, ते पटत नाही. गरम मिश्रणात कपात चालते. इथे तापवणंच नाही. कडक झालेलं डांबर बहुतेक खडीला चिकटूनच राहतं. कपात मिक्स डिझाइननेच, म्हणजे प्रयोगशाळेत प्रमाणं तपासूनच ठरवा.

पाण्याचा मुद्दा मात्र राहिलाय. गोव्याच्या पावसात उघड्यावर पडलेला या मालाचा ढीग वरून कोरडा दिसला तरी आत ओलाच असतो. आतला नमुना सुकवून ओलावा काढा, मिश्रणात घालायच्या पाण्यातून तेवढं वजा करा, नाहीतर इमल्शन ओघळून तळाशी साचतं. एसएस-२ (सावकाश फुटणारं, म्हणजे पाण्यापासून हळू वेगळं होणारं इमल्शन) बरोबर साधारण १ टक्का सिमेंट घाला, रंग तपकिरीचा काळा होऊ लागला की रोलर फिरवा. आणि ढीग तांबड्या मातीवर नकोच! लोडर ती खरवडून उचलतो, अन् माती लागलेल्या खडीला डांबर धरत नाही.