लेव्ही गेला पण टोमणे काही जात नाही राजेहो

दारव्ह्याचा स्पर्सवाला: सांगा बरं, 2018 च्या उन्हाळ्यात आपल्या टॉटनहॅम फुटबॉल क्लबच्या, म्हंजे स्पर्सच्या, चेअरमन लेव्हीनं एकबी प्लेयर नाही घेतला, तरी 2019 ले टीम चॅम्पियन्स लीगच्या फायनलले गेली अन् त्याच नोव्हेंबरात कोच पोचेटिनोले हाकललं, मंग 2021 ले लीग कपची फायनल सहा दिवसावर असताना पुढचा कोच मोरिन्योले काढलं, असं कोणी करते का बे? अन् पानठेल्यावरचे आर्सेनलवाले, आपले लंडनमधले जुने वैरी, म्हणते, स्पर्सवाले जन्माचे रडके.

रातजागा: 2025 ले युरोपा लीग जिंकली ना भाऊ, मँचेस्टर युनायटेडले 1-0 नं. 17 वर्षांनी कप आणणाऱ्या कोच पोस्टेकोग्लूले 16 दिवसात घरी पाठवलं! प्रीमियर लीगमधी सतरावा नंबर होता, हे बी खरं म्हना.

वावरातला गनर: मी आर्सेनलवाला. तुम्ही आमच्या जुन्या हायबरी स्टेडियमले, तिथं आवाजच नसते म्हणून, लायब्ररी म्हणत होते तेव्हा चालत होतं, अन् आता रडके म्हटलं तं झोंबते? आमी सारेच काई टोमणे मारत नाही बावा.

बंडूभाऊ: लेव्हीनं 62,850 सीटचं स्टेडियम बांधलं, हिशोबाचा पक्का माणूस, पण टीमवर खर्च करतानी हात आखडे. सप्टेंबर 2025 ले गेला तो, आता हरलो तं शिव्या कोणाले द्याच्या?

दारव्ह्याचा स्पर्सवाला: मालक तेच हाय ना अजून, त्याइले.