एका किनाऱ्यावरच्या नोंदीवरून अख्ख्या सरोवराचा हिशेब मांडावा का?

मूळ धागा

उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांवर हवेतून येणारी विषारी द्रव्ये मोजण्यासाठी अमेरिका आणि कॅनडा १९९० पासून संयुक्त जाळे चालवत असून, प्रत्येक सरोवराच्या काठी, शहरांपासून दूर, एक मुख्य केंद्र आहे. दर बारा दिवसांनी तिथे चोवीस तास हवा खेचली जाते. कण गाळणीवर अडकतात आणि वायुरूप द्रव्ये त्यामागच्या थरात शोषली जातात. मोजणी चोख आहे. माझा आक्षेप त्यापुढच्या गुणाकाराला आहे. सुमारे ८२,००० चौरस किलोमीटरच्या सुपीरियर सरोवराचा वार्षिक भार (म्हणजे वर्षभरात हवेतून त्यात पडणारे एकूण द्रव्य) ईगल हार्बर या काठावरच्या केंद्राच्या नोंदींवरून काढायचा आणि कण खाली बसण्याचा वेग सरसकट सेकंदाला ०.२ सेंटिमीटर धरायचा, हे मला पटत नाही. जाडे कण उगमाजवळच पडतात. शिकागोवरून वारा मिशिगन सरोवराकडे वाहतो तेव्हा दक्षिण भागात पीसीबीचा (विद्युत उपकरणांत वापरल्या गेलेल्या टिकाऊ विषारी रसायनांचा) भार वाढतो, पण दूर उत्तरेच्या स्लीपिंग बेअर ड्यून्स केंद्राला त्याचा पत्ताही लागत नाही.

प्रतिसाद १

मी असहमत आहे. केंद्रे शहरांपासून दूर ठेवली ती दूरवरून येणारे प्रदूषण कळावे म्हणूनच. सुपीरियरमधील आइल रॉयल बेटावर सिस्किविट नावाचे तळे आहे. त्याची पातळी महासरोवराच्या वर असून तिथे एकही कारखाना नाही, तरी त्यातील माशांत पीसीबी आणि पूर्वी दक्षिणेकडच्या कापसावर फवारले जाणारे टॉक्साफीन हे कीटकनाशक सापडले. ही द्रव्ये हवेखेरीज येणार कुठून? सुपीरियरचे पाणी पूर्ण बदलायला दोनशेच्या आसपास वर्षे लागतात, त्यामुळे ढोबळ अंदाजही हाती नसणे अधिक धोक्याचे आहे. शिवाय वेग स्थिर धरला म्हणूनच वर्षावर्षांची तुलना करता येते.

धागाकर्ता

तुलनेसाठी हवेतील प्रमाण पुरेसे आहे. त्याला क्षेत्रफळाने गुणण्याची गरज नाही. सिस्किविटच्या माशांवरून मार्ग सिद्ध होतो, किलोग्रॅम सिद्ध होत नाहीत.

प्रतिसाद २

आपण दोघेही कोरड्या कणांवरच अडून बसला आहात, याचे मला आश्चर्य वाटते, कारण पीसीबी हवेत मुख्यतः वायुरूपात असते आणि खरी देवघेव पाण्याच्या पृष्ठभागावर, हवेचा एक व पाण्याचा एक अशा दोन पातळ थरांमधून होते. पाणी तापले की द्रव्याचा ओढा हवेकडे वाढतो. वारा वाढला की देवघेवीचा वेग वाढतो. अमेरिकेने १९७९ मध्ये पीसीबीच्या उत्पादनावर बंदी घातल्यानंतर हवेतील प्रमाण घटत गेले आणि सरोवरे आधी साठवलेले पीसीबी हवेत परत सोडू लागली. म्हणजे इथे आकड्याचे चिन्हच उलटू शकते. त्यात हवेचे नमुने वर्षभर मिळतात, पाण्याचे मात्र जहाज सोडता येईल तेव्हाच. येणे, जाणे आणि प्रत्येकाची अनिश्चितता वेगवेगळी न देता फक्त निव्वळ आकडा छापणे मला गैर वाटते.

प्रतिसाद १

अनिश्चितता छापावी, हे मान्य. तरीही किलोग्रॅमचा हिशेब सोडायला मी तयार नाही. मिशिगन सरोवरावर १९९४-९५ मध्ये नद्या, गाळ, पाणी आणि हवा एकत्र मोजली गेली, ती कोणत्या वाटेने किती येते हे ठरवण्यासाठी. हवेचा रकाना कोरा ठेवला असता, तर सगळा दोष नद्यांच्या माथी गेला असता. शिकागो शहरातल्या वेगळ्या केंद्राच्या नोंदी सरोवराच्या दक्षिण भागापुरत्या स्वतंत्रपणे धरून बेरीज करावी. धागाकर्त्यांच्या आक्षेपाचे निवारण त्यातून होईल, असे मला वाटते.

धागाकर्ता

बरेचसे होईल. पण तो दक्षिण भाग कुठे संपतो, हे वाऱ्याच्या दिशेप्रमाणे रोज बदलते. म्हणून नकाशावर कायमची रेघ न ओढता त्या त्या दिवसाच्या वाऱ्यावरून ती ठरवावी.